पोटाखालची जागा : एटीव्हीबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एटीव्हीच्या, म्हणजे रानावाटांवर चालणाऱ्या, हँडलच्या चारचाकी गाडीच्या, ब्रेकबद्दल लिहिताना मी शेवटी सहज विचारलं होतं की गाडी निवडताना तुम्ही आधी काय बघता. बहुतेक सगळ्यांनी एकच उत्तर पाठवलं : ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटापासून जमिनीपर्यंतची मोकळी उंची. आजचे प्रश्न त्याच पत्रांतून निघाले आहेत. वीस वर्षं मी या गाड्या खोलते आहे, त्यामुळे मला कुठलीही गाडी आधी खालून दिसते. उत्तरंही तिथूनच सुरू करते.

प्रश्न : ताई, दोन गाड्यांमध्ये माझं ठरत नाहीये. एकीच्या माहितीपत्रकात क्लिअरन्स 7 इंच दिलाय, मागे सॉलिड ॲक्सल आहे. दुसरीचा 11 इंच, मागची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर. इंजिन जवळपास सारखंच. चक्क 4 इंच जास्त मिळतायत, तर दुसरी डोळे मिटून घ्यावी ना?

उत्तर : डोळे मिटून नको. दोन्ही गाड्यांपाशी जा, गुडघे टेका आणि खाली वाकून बघा. हे 7 आणि 11 इंच गाडीच्या वेगवेगळ्या भागाखाली मोजलेले असतात, आणि सगळी गोम तिथेच आहे.

सॉलिड ॲक्सलच्या गाडीत मागची दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर बसतात आणि त्या दांड्यावर क्राउन-पिनियनची, म्हणजे इंजिनाकडून येणारी फिरकी चाकांकडे वळवणाऱ्या गिअरची, पेटी असते. चेनची गाडी असेल तर तिथे स्प्रॉकेट आणि ब्रेकची डिस्क. हिशेब करून बघा. 25 इंची टायर म्हणजे त्रिज्या साडेबारा. वजनाने टायर अर्धा इंच दबला, तर ॲक्सलचा मध्य जमिनीपासून 12 इंचांवर. पेटी त्याच्या खाली 5 इंच उतरते. उरले 7. पण हे 7 इंच फक्त त्या पेटीखाली, साधारण फुटबॉलएवढ्या जागेत. बाजूला ॲक्सलच्या नळीखाली सहज 10 इंच असतात आणि पुढे फ्रेमखालीही त्याच्या आसपास.

स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये हीच पेटी उचलून फ्रेमला बोल्टने बांधतात आणि तिच्यापासून दोन्ही चाकांकडे सीव्ही जॉइंट, म्हणजे वाकलेले असतानाही फिरणारे सांधे, असलेले दोन आखूड शाफ्ट जातात. पेटी वर गेली की गाडीचं पोट सपाट होतं आणि 10-11 इंच मोकळे मिळतात. पोलारिसने 1996 मध्ये स्पोर्ट्समन 500 या गाडीत ही रचना आणली आणि कामाच्या मोठ्या एटीव्हींमध्ये ती रुळली.

आता गाडीवर माणूस बसवा. मी हे एकदा मुद्दाम करून पाहिलं होतं, कारण एक ग्राहक माझ्याशी हुज्जत घालत होता की 11 इंचांची गाडी साडेनऊ इंचांच्या दगडाला घासूच शकत नाही. सपाट फरशीवर गाडी उभी केली, टायरमध्ये सांगितली तेवढीच हवा भरली आणि पोटाखाली लाकडी पट्ट्या एकावर एक सरकवत गेले. रिकामी गाडी : पावणेअकरा. मी बसले आणि पट्ट्या त्या ग्राहकाने सरकवल्या : दहाला थोडं कमी. मागच्या रॅकवर 40 किलोचं पोतं ठेवलं : साडेआठ. शेजारी सॉलिड ॲक्सलची गाडी उभी होती, तिच्या पेटीखाली तेच केलं. सात, सात, आणि पोत्यासकट पावणेसात. तोही पाव इंच टायर दबल्यामुळे गेला. ॲक्सल चाकाबरोबर हलतो, त्यामुळे स्प्रिंग कितीही दबली तरी पेटी खाली येत नाही. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये पेटी फ्रेमबरोबर खाली येते, आणि वेगात खड्ड्यात उतरलात तर क्षणभर त्यातली बरीचशी उंची संपते. तुम्ही कागदावर 4 इंचांचा फरक वाचलात. ओझ्यासह तो दीड-पावणेदोन इंच उरतो.

म्हणून दोन्ही गाड्या चालवण्याची पद्धतही वेगळी. सॉलिड ॲक्सलच्या गाडीने 8 इंचांचा दगड दोन चाकांच्या मधून न्यायचा नाही, चाकाखाली घ्यायचा. एक चाक 8 इंच चढलं की ॲक्सलचा मध्य 4 इंच उचलला जातो आणि पेटी आरामात निघून जाते. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत चढणारं चाक आधी आपली स्प्रिंग दाबतं, पोट तेवढं उचललं जात नाही. तिथे दगड पोटाखालून जातो की नाही याचा अंदाज घ्या, आणि शंका आली तर चाकावर घेऊन अगदी सावकाश जा. एका प्रकारची सवय लागलेला माणूस दुसऱ्या गाडीवर बसला की पहिल्याच दिवशी खालून आवाज काढतो, हे मी कितीदा तरी ऐकलंय.

तुम्ही गाडीवर काय लादणार आणि काय ओढणार ते पत्रात नाही. दिवसभर खडकाळ वाटेने, हळू, मणक्याला धक्के न खाता जायचं असेल तर 11 इंचवाली घ्या. ट्रेलर ओढायचा असेल, उताराला आडवं चालायचं असेल, तर मी सॉलिड ॲक्सलच्या बाजूने बोलेन. तिचा मागचा भाग वळताना किंवा आडव्या उतारावर एका अंगाला दबत नाही. शिवाय अनेक गाड्यांत ट्रेलरचा हुक थेट ॲक्सलच्या हौजिंगवरच असतो, त्यामुळे ट्रेलरच्या दांड्याचं वजन स्प्रिंगवर येतच नाही. आणि तिच्या मागे फाटायला सीव्ही जॉइंट झाकणारे चार रबरी बूट नसतात. मी स्वतः कामासाठी गेली अकरा वर्षं सॉलिड ॲक्सलच वापरते आहे.

प्रश्न : माझ्या चारचाकी गाडीचा क्लिअरन्स 20 सेंटीमीटर आणि मित्राच्या एटीव्हीचा 28. फरक फक्त 8 सेंटीमीटर. तरी ज्या बांधावर माझी गाडी पोटावर बसली, तिथून एटीव्ही अलगद गेली. ती हलकी आहे म्हणून का?

उत्तर : हलकेपणाचा फायदा चिखलात होतो. बांधावर कामाला आली ती तिची लांबी.

उंची एकटी काही सांगत नाही, पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये अंतर किती, म्हणजे व्हीलबेस, हेही बघावं लागतं. त्या दोघांतून जो कोन निघतो त्याला ब्रेकओव्हर अँगल म्हणतात. तो जितका मोठा, तितका टोकदार उंचवटा पोट न घासता ओलांडता येतो. पोटाखालच्या उंचीची दुप्पट करा, तिला व्हीलबेसने भागा, त्या भागाकाराचा कोन कॅलक्युलेटरवर व्यस्त टॅनने काढा आणि पुन्हा दुप्पट करा. तुमच्या गाडीचा व्हीलबेस 260 सेंटीमीटर धरला, तर 40 भागिले 260, कोन साडेसतरा अंश. एटीव्हीचा व्हीलबेस 130 धरला, तर 56 भागिले 130, कोन 47 अंशांच्या जवळ. उंची दीडपटही नाही, कोन मात्र अडीचपटीपेक्षा जास्त. शेजारी-शेजारी बसायच्या मोठ्या गाड्यांत 30 सेंटीमीटर उंची असूनही व्हीलबेस 220 असेल तर साडेतीस अंशच मिळतात. म्हणून लांब गाडी घेणाऱ्याने फक्त उंचीवर भाळू नये.

प्रश्न : 25 ऐवजी 27 इंची टायर टाकले की 2 इंच क्लिअरन्स वाढेल ना? आणि तेवढ्याने भागलं नाही तर लिफ्ट किट टाकायचा विचार आहे.

उत्तर : वाढेल 1 इंच. व्यास 2 इंचांनी वाढला तरी ॲक्सल टायरच्या मध्यावर असतो, त्याच्या वाट्याला निम्मं येतं. त्यातही टायरवर 27 छापलेलं असतं, म्हणून टेपने मोजल्यावर 27 भरेलच असं नाही. हवा भरून, गाडीखाली बसवून मोजा.

बदल्यात द्यावं काय लागतं? 27 भागिले 25 म्हणजे 1.08. जमिनीवर मिळणारी ओढ सुमारे 7-8 टक्क्यांनी घटते, जणू कोणी तुमचा गिअर वाढवून ठेवला. स्पीडोमीटर 40 दाखवेल तेव्हा तुम्ही 43 ने जात असाल. टायर जड असेल तर तो फिरवायला आणि थांबवायलाही जास्त जोर लागतो, आणि तो जोर इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या रबरी पट्ट्यावर, सीव्हीवर, ब्रेकवर पडतो. 27 पर्यंत ठीक आहे. 30 इंची टायर टाकून, क्लचला, म्हणजे पट्टा पकडणाऱ्या पुलींना, हात न लावता, महिन्याभरात पट्टा जाळून आलेल्या गाड्या मी बघते, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण टायरच्या किमतीत क्लचची वजनं आणि स्प्रिंगही बदलून झाली असती.

लिफ्ट किटचे दोन प्रकार आहेत, त्यात गल्लत करू नका. साधं ब्रॅकेट लिफ्ट शॉकॲब्झॉर्बरची वरची किंवा खालची जागा बदलतं. गाडी उंच होते, पण शाफ्ट चाकाकडे जास्त तिरके उतरतात. सीव्ही जॉइंट जितका वाकून फिरेल तितका तो तापतो आणि झिजतो. शिवाय चाक खाली लोंबकळायला जी जागा होती ती तुम्ही आधीच वापरून टाकली, म्हणून खड्डा आला की चाक हवेत राहतं. दुसरा प्रकार पोर्टलचा. चाकाच्या हबमध्येच गिअरची एक पेटी बसते, शाफ्ट वरून येतो आणि चाक खालून फिरतं. उनिमॉग ट्रकांचे ॲक्सल पहिल्यापासून असेच आहेत आणि अमेरिकी सैन्याच्या हमव्हीचा 16 इंच क्लिअरन्सही हबमधल्या गिअरमुळेच आहे. यात शाफ्टचा कोन बिघडत नाही, आणि त्याच गिअरमधून ओढही वाढवून घेता येते. रचना म्हणून मला ती फार आवडते. पण पेट्या चार, म्हणजे ऑइल चार ठिकाणी, सील चार ठिकाणी, आणि चाकापाशी वजनही वाढलं.

दोन्हींत एक गोष्ट सुटत नाही : गाडी उलटण्याची. एक साधं उदाहरण घ्या. दोन चाकांमधली रुंदी 95 सेंटीमीटर, म्हणजे निम्मी साडेसत्तेचाळीस. चालकासकट गुरुत्वमध्य 70 सेंटीमीटरवर आहे असं धरू. उभी गाडी साधारण 34 अंशांच्या आडव्या उतारावर कलंडेल. टायरने 1 इंच उचललंत, तर 33. लिफ्टने 10 सेंटीमीटर उचललंत, तर 31 च्या आत. चालत्या गाडीत, वळणावर, दगडावर चाक चढलेलं असताना यातलं बरंच आधीच खर्च झालेलं असतं. होंडाने 1970 मध्ये फुगीर टायरची तीनचाकी आणली, ती लोकांना फार आवडली, आणि उलटण्याच्या अपघातांपायी 1988 मध्ये अमेरिकेत नव्या तीनचाकींची विक्री बंद झाली. सुझुकीची चारचाकी क्वाडरनर तोवर, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच, बाजारात आली होती. चौथं चाक मिळालं म्हणून गाडी उलटायची थांबली नाही. मुलांना गाडी चालवायला देणार असाल तर लिफ्ट नकोच, इथे मी वाद घालणार नाही.

प्रश्न : ओंडके ओढताना रबर जळल्याचा वास येतो आणि इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढे सरकत नाही. मेकॅनिक म्हणतो पट्टाच खराब. सहा महिन्यांत हा दुसरा पट्टा. पट्ट्याची गाडी घेऊनच चूक झाली का?

उत्तर : गाडीत चूक नाही. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, "मी नेहमी एच मध्येच चालवतो." पट्टे तिथे जातायत.

सीव्हीटीमध्ये, म्हणजे पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक रचनेत, इंजिनाच्या बाजूला एक आणि गिअरबॉक्सच्या बाजूला एक अशा दोन पुली असतात. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन उतरत्या थाळ्या, मधे व्ही आकाराचा पट्टा. इंजिन वेगात फिरलं की पुढच्या पुलीतली वजनं बाहेर फेकली जातात, थाळ्या जवळ येतात, पट्टा चिमटीत धरला जाऊन वर चढतो. मागच्या पुलीत स्प्रिंग आणि तिरकी खाच असते, ती ओझ्याप्रमाणे पट्टा आवळते. गिअर टाकायचा प्रश्नच नाही. डाफ कंपनीने 1958 मध्ये हीच कल्पना मोटारीत आणली, पोलारिसने स्नोमोबाइलच्या अनुभवावर 1985 मध्ये ती एटीव्हीत वापरली, आणि आज मोठ्या एटीव्हींपैकी बहुतेक अशाच आहेत.

आता तुमचा ओंडका. एच म्हणजे हाय रेंज. त्यात मागची चाकं फिरवायला पट्ट्याला फार जोर लावावा लागतो. तुम्ही हळू जाताय, म्हणून पुढच्या पुलीच्या थाळ्या पुरत्या जवळ आलेल्या नाहीत. पट्टा अडलाय, पुली त्याच्या अंगावरून घासत फिरतेय, आणि तीही पट्ट्याच्या एकाच तुकड्यावरून. तुमच्या जुन्या पट्ट्याचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. एका जागी दोन्ही बाजू आत गेल्यात, जणू कोणी बोटांच्या चिमटीत धरून ठेवला होता, आणि तिथली कड काचेसारखी चकचकीत आहे. वापराने झिजलेला पट्टा सगळीकडून सारखा अरुंद होतो. हा एका जागी थांबून जळलाय.

एल म्हणजे लो रेंज मुद्दाम या कामासाठी दिलेली असते. तिचा गिअर पट्ट्याच्या नंतर, गिअरबॉक्समध्ये असतो, त्यामुळे तेवढंच ओझं पट्ट्याला बरंच हलकं लागतं. ओढणं, चढणं, मागे ढकलणं, चिखलातून बाहेर काढणं, हे सगळं लो मध्ये. गाडी पूर्ण थांबवून बदला. आणि थ्रॉटल हळूहळू चिमटत राहू नका. एकदा ठामपणे दिलात की थाळ्या पट्टा नीट पकडतात. नवा पट्टा टाकल्यावर पहिले काही तास ओझं नको. पुलीच्या थाळ्या आधी स्वच्छ पुसा, जुन्या पट्ट्याचं काळं चिकटलं असेल तर नवाही घसरेल.

वर्षभर रोज हेच काम असेल तर पायाने गिअर टाकायची, ऑइलमधल्या क्लचची गाडी किंवा होंडाच्या काही गाड्यांत असतो तसा गिअरचाच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बघा. त्यात पट्टाच नाही. पण आधी एक महिना लो मध्ये काम करून बघा, मग पैसे खर्च करा.

प्रश्न : "फोर बाय फोर" सगळेच लिहितात. तरी माझ्या गाडीची पुढची चाकं सपाट रस्त्यावर फिरवली जात नाहीत असं दुकानदार म्हणाला, आणि भावाच्या गाडीचं हँडल फोर बाय फोर टाकलं की दगडासारखं होतं. यातली खरी कोणती?

उत्तर : दोन्ही खऱ्या, पुढचं डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी, वेगळं.

बहुतेक एटीव्हींत मधलं डिफरन्शियल नसतं. फोर बाय फोर टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात, त्यांना जास्त फिरायचं असतं आणि शाफ्ट फिरू देत नाही. चिखलात चाक घसरून सुटतं. कोरड्या घट्ट जमिनीवर ते हँडलमध्ये येऊन भांडतं. तुमच्या भावाच्या गाडीत याच्या जोडीला डिफ लॉक, म्हणजे पुढचं डिफरन्शियल बांधून टाकणारं कुलूप, असणार. यामाहाच्या गाड्यांत तीन पायऱ्या असतात : नुसती मागची दोन चाकं, मग चारही पण पुढे मर्यादित घसरणीचं डिफरन्शियल, मग पुढची दोन्ही चाकं पक्की बांधलेली. ही तिसरी पायरी अडकल्यावर, सरळ रेषेत आणि सावकाश वापरायची. त्याला म्हणावं, बाकी वेळ दुसरीवर ठेव.

तुमची गाडी दुसऱ्या पद्धतीची. पुढच्या भागात रोलर असलेला एकदिशा क्लच आहे. पुढची चाकं जमिनीमुळे आपोआप फिरतायत तोवर ती शाफ्टच्या पुढे राहतात आणि रोलर सुटे असतात. मागची चाकं घसरली की शाफ्ट पुढच्या चाकांना गाठतो, रोलर अडकतात आणि दोन्ही चाकं एकदम ओढू लागतात. हँडल हलकं राहतं, मला ही युक्ती आवडते. कॅन-ॲमच्या व्हिस्को-लॉकमध्ये असंच आपोआप होतं, पण तिथे दोन चाकांच्या वेगातल्या फरकाने जाड द्रवाचा दाब तयार होतो आणि तो क्लच आवळतो. ते जोडायला थोडा क्षण लागतो, पण जोडणं मऊ असतं.

रोलरवाल्या गाडीच्या दोन गोष्टी मात्र कोणी सांगत नाही. पहिली टायरची. पुढचे-मागचे व्यास कंपनीने ठरवलेल्या प्रमाणातच हवेत. मागे मोठे टायर टाकलेत तर मागची चाकं खूप घसरेपर्यंत पुढची जागी होणार नाहीत. पुढे मोठे टाकलेत तर रोलर कायम अडकून राहतील आणि जे हलकं हँडल म्हणून गाडी घेतलीत तेच जाईल. वरच्या टायरच्या प्रश्नाचे वाचकहो, हे तुमच्यासाठीही आहे. दुसरी उताराची. उतरताना इंजिनाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, कारण पुढची शाफ्टच्या पुढे पळत असतात. आणि उतारावर वजन तर पुढे गेलेलं असतं. मागचं चाक घसरून गाडी आडवी होते ती अशी. काही गाड्यांत उतरण्यासाठी वेगळं बटण असतं, ते चारही चाकं धरतं. तुमच्या गाडीत आहे का बघा, नसेल तर पुढचा ब्रेक हलक्या हाताने लावत या आणि शरीर मागे न्या.

मागच्या चाकांबद्दल विचारलं नाहीत, पण सांगते. सॉलिड ॲक्सल असो की स्वतंत्र, कामाच्या बहुतेक एटीव्हींत मागची दोन्ही चाकं एकत्रच फिरतात, मागे डिफरन्शियल नसतंच. म्हणून वळताना आतलं चाक थोडं घसरावं लागतं आणि अंग वळणाच्या बाजूला झुकवावं लागतं. मोटार चालवून आलेला माणूस ताठ बसून हँडल फिरवतो आणि गाडी सरळ जाते.

प्रश्न : चेन बरी की शाफ्ट?

उत्तर : काम करायचं असेल तर शाफ्ट. पळायचं असेल तर चेन. चेन हलकी, ताकद कमी खाते आणि स्प्रॉकेट बदलून गिअर बदलता येतो. पण वाळू आणि चिखल तिला खातो, आणि ती ॲक्सलच्या सर्वांत खालच्या जागी उघडी असते. शाफ्टला ऑइल वेळेवर बदललंत तर वर्षानुवर्षं बघायला नको.

प्रश्न : जुनी गाडी घेतोय. मालक म्हणतो, "कधी रानात नेलीच नाही." खरं-खोटं कसं ओळखू?

उत्तर : वरचं प्लास्टिक पॉलिश करता येतं, पोट कोणी पॉलिश करत नाही. टॉर्च आणि जुनं गोणपाट घेऊन जा, खाली आडवे व्हा.

आधी स्किड प्लेट, म्हणजे पोट झाकणारा संरक्षक पत्रा. बारीक ओरखडे चालतील. पण प्लेट मधोमध आत गेली असेल आणि तिचे बोल्ट घासून अर्धे झाले असतील, तर गाडी पोटावर बसलेली आहे, एकदा नव्हे. मग फ्रेमच्या नळ्या बोटाने चाचपा, वाकलेली जागा डोळ्याआधी बोटाला कळते. सॉलिड ॲक्सल असेल तर पेटीच्या खालच्या ऑइल प्लगचं डोकं बघा. ते घासून गोल झालं असेल तर मालकाला 7 इंच पुरत नव्हते, आणि पुढच्या वेळी ऑइल बदलताना त्यावर पाना बसणार नाही.

स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर पुढचे चार आणि मागचे चार असे आठही बूट एकेक करून दाबा. चिरेत बोट घालून बघा, ग्रीस गुळगुळीत लागलं तर बूट नुकताच फाटलाय, बदलून भागेल. खरखरीत लागलं तर आत वाळू गेली, जॉइंटचा खर्च धरून किंमत पाडा. पट्ट्याच्या पेटीचा खालचा प्लग काढायला सांगा. पाणी आलं तर गाडी पाण्यात गेलेली आहे. शेवटी पुढच्या डिफरन्शियलचा आणि मागच्या पेटीचा प्लग. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी तिथेही पोचलंय. त्यानंतर त्या पेटीतून वर जाणारी बारीक रबरी नळी शोधा, ती हवा घेण्यासाठी असते. गरम पेटी थंड पाण्यात उतरली की ती नळीतून श्वास ओढते. नळीचं टोक निघून ॲक्सलपाशी लोंबत असेल तर पाणी तिथूनच आत गेलं. गाडी बाकी चांगली असेल तर घ्या, पुढची, मागची आणि गिअरबॉक्स अशा तीनही पेट्यांचं ऑइल बदला, 50 किलोमीटर चालवून पुन्हा बदला, आणि त्या नळीचं टोक सीटखाली चिमट्याने बांधून टाका.